शाळेतलं अन्नसंकलन: आधी पेटी की आधी यादी?

कोठारवाली:
गरजू कुटुंबांना मोफत शिधा देणाऱ्या फूड पॅन्ट्रीला शाळा मनापासून मदत करतात, पण मोहीम बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. आधी दारात पेटी ठेवतात, ती भरली की फोन करून विचारतात, ‘केव्हा आणू?’ खरं तर पेटी ठेवण्याच्या तीन आठवडे आधीच पॅन्ट्रीला विचारायला हवं: तुटवडा कशाचा आहे, काय पडून आहे आणि माल उतरवून घ्यायला माणसं कोणत्या दिवशी असतात. मग एकेका इयत्तेला एकच जिन्नस वाटून द्या. पाचवीला डाळ, सहावीला तेल, सातवीला साबण आणि सॅनिटरी पॅड. निवडणी शाळेतच होऊन जाते. ‘काहीही आणा’ म्हटलं की फडताळात मागे पडलेलं येतं: मुदत संपलेली पाकिटं, अर्धा फोडलेला पुडा, घरी भरलेली बरणी. फोडलेलं आणि घरी केलेलं पॅन्ट्रीला वाटता येत नाही.

हिशेबनीस:
असहमत. वस्तू मागवायच्याच कशाला? पालक किरकोळ भावाने घेतात, पॅन्ट्री घाऊक भावाने. तेवढ्याच पैशात जास्त शिधा येतो आणि नेमका हवा तोच येतो. पैसेच गोळा करा: कुलूपबंद डबा ठेवा, दोघांनी मिळून मोजा, पावती त्याच दिवशी घ्या. झालं.

वर्गशिक्षिका:
घाऊक भावाचं पटतं, पण लहान मुलांना पैसे आणायला सांगणं मला पटत नाही. डबाबंद अन्नाचा डबा हातात घेऊन तारीख वाचणं, खोकी भरणं, यातून मुलं शिकतात. माझा खरा आक्षेप वर्गावर्गातल्या स्पर्धेला आहे. नगावर मोजलं तर सगळ्यात छोटी पाकिटं येतात, वजनावर मोजलं तर मिठाचे पुडे. आणि ज्या मुलाच्या घरी याच पॅन्ट्रीतून शिधा येतो, तेही त्याच बाकावर बसलेलं असतं. कोणी काय आणलं ते फळ्यावर लिहू नका. पेटी वर्गात नको, प्रवेशद्वाराशी ठेवा, म्हणजे कोण रिकाम्या हाताने आलं ते कोणाला दिसत नाही.

कोठारवाली:
स्पर्धेबद्दल शंभर टक्के सहमत. तारीख वाचायला शिकवणारच असाल तर डबा तपासायलाही शिकवा. फुगलेला, गळका किंवा खोल गंजलेला डबा बाद. अंगावरचा उथळ पोचा चालतो, शिवणीवरचा (पत्र्याच्या जोडावरचा) नाही, कारण तिथे केसाएवढी फट पडली तरी जंतू आत जातात. बोट्युलिझमचं (बिघडलेल्या डबाबंद अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचं) विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही, म्हणून ‘चाखून बघू’ हा विचारच नको. ‘बेस्ट बिफोर’ ही दर्जाची तारीख असते, ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची. बाळाच्या दुधाच्या पावडरीची मुदत संपली की ती कोणत्याही सबबीवर द्यायची नाही.

खोक्यावर सगळ्यात जवळची तारीख जाड मार्करने लिहा. 400 ग्रॅमचे 24 डबे म्हणजे नुसता माल 9.6 किलो, पत्र्याचं वजन वेगळं. मुलं उचलणार असतील तर 12 डब्यांवर थांबा. माल शाळेत दोन-चार दिवस राहणार असेल तर जमिनीपासून 15 सेंमी उंच, भिंतीपासून सुटा ठेवा. साबण आणि पीठ एका खोक्यात कधीच नको, पिठाला वास लागतो.

हिशेबनीस:
एवढी तपासणी वाचून माझं मत आणखी पक्कं झालं! आणि वेळेचं काय? सणासुदीला पेट्या ओसंडतात. लांब सुट्टीत शाळेतलं जेवण बंद होतं, घरांची गरज वाढते, तेव्हा फळ्या रिकाम्या. पैसे हातात असले की पॅन्ट्री त्या आठवड्यात खरेदी करू शकते.

वर्गशिक्षिका:
मग मोहीमच सुट्टीच्या तोंडावर आणा, आणि वर्षातून एकदा ढीग लावण्यापेक्षा दर महिन्याला एक इयत्ता घ्या. सुट्टीच्या खोक्यात न शिजवता खाता येईल असं जास्त हवं, झाकण ओढून उघडणारे डबे हवेत. प्रत्येक घरात शेगडी किंवा डबा फोडायचं हत्यार असेलच असं नाही.

कोठारवाली:
महिन्याला एक इयत्ता उत्तम, फक्त त्या महिन्याचा जिन्नस पॅन्ट्रीने ठरवायचा. सोबत मोठ्यांसाठी ऐच्छिक रोख पाकीट ठेवायलाही माझी हरकत नाही.

हिशेबनीस:
रोखीला दुय्यम जागा मला अजूनही पटत नाही. पण पाकीट ठेवणारच असाल तर त्यावर विद्यार्थ्याच्या नावाची ओळ छापू नका.