खरेदीदाराच्या फॉर्ममधला एक रकाना

चाकावरची (प्रश्न)

आमचा सिरॅमिकचा छोटा कारखाना आहे. कप, वाडगे, बशा, थोडे दिवे. मला धरून चौदा माणसं. एका मोठ्या खरेदीदाराशी बोलणी चाललीत आणि त्यांनी भलामोठा फॉर्म पाठवलाय. बाकी सगळा भरून झाला, एका रकान्यावर अडलेय: ‘तुमचा उद्योग स्थानिक रोजगार, प्रशिक्षण आणि परिसर यांसाठी काय करतो? दीडशे शब्दांत लिहा.’

भाच्याने दहा मिनिटांत लिहून दिलं. ‘आम्ही स्थानिक कारागिरांच्या सक्षमीकरणासाठी कटिबद्ध आहोत’ वगैरे. वाचून मलाच कसंतरी झालं. उद्या हे आमच्या मुकादमाने वाचलं तर तो हसेल.

खरं सांगायचं तर चौदापैकी अकरा जण चालत कामावर येतात. पण ते जवळ राहतात म्हणून घेतले, कुणावर उपकार म्हणून नाही. गेल्या तीन वर्षांत चौघं शिकायला आले, त्यातले दोघं टिकले. एक कंटाळून गेला. दुसरी चांगली तयार झाली आणि नेमकी तेव्हाच दुसऱ्या कारखान्यात गेली. शाळेची मुलं अधूनमधून चाक बघायला येतात, हात चिखलाचे करून जातात. वर्षातून एकदा डागी माल दारातच स्वस्तात काढतो, त्याला आसपासची गर्दी होते.

यातलं काय लिहायच्या लायकीचं आहे? की भाच्याचंच चिकटवून मोकळी होऊ?

---

भट्टीजवळचा

ताई, भाच्याचं फाडून टाका. शिकाऊंचं तुम्ही दोन ओळींत उरकलंत, आणि सांगण्यासारखं सगळं तिथंच आहे.

मी एकतीस वर्षं भांड्यांच्या कारखान्यात काढली. शिकाऊ म्हणून लागलो, भट्टीचा मुकादम म्हणून बाहेर पडलो. आपल्या धंद्यात शिकवण्याचा खर्च कशाला होतो, हे बाहेरच्याला कळत नाही. त्याला वाटतं माती वाया जाते. माती कुठे जाते? कच्चं भांडं पूर्ण वाळवून पाण्यात टाकलं की विरघळतं, पुन्हा मळा, पुन्हा चाकावर चढवा. माझे पहिल्या चार महिन्यांतले सगळे कप त्या टबात गेले. एकदा सहाशे अंशांच्या वर भाजलं गेलं की मात्र ते परत माती होत नाही.

खर्च होतो तो दोन गोष्टींचा: जुन्या माणसाचा वेळ आणि भट्टीतली जागा.

आधी जागेचं सांगतो, कारण त्यावरून आमच्याकडे भांडणं व्हायची. शिकाऊचं काम भाजायलाच नको, टबात टाका, असं ऑर्डर बघणाऱ्याचं म्हणणं. पण न भाजता पोरगं शिकणार काय? कपाला कान लावायचा तर दोन्हींची ओल सारखी लागते. कप जास्त वाळलेला आणि कान ओला असला की सांध्याला चीर जाते, कधी वाळताना, कधी थेट भट्टीतून निघाल्यावर. ती चीर स्वतःच्या कपावर बघितल्याशिवाय हात सुधारत नाही. आकसण्याचंही तेच. आमची माती ओल्यापासून पक्क्यापर्यंत शंभराला बारा आकसायची. मी पहिला कप नमुन्याच्या मापाने बरोब्बर काढला आणि भट्टीतून औषध घ्यायचा पेला बाहेर आला. तो मालकांनी वर्षभर टेबलावर पेनं ठेवायला वापरला. चेष्टाच होती, पण प्रेमाची.

शेवटी मालकांनी नियम केला: प्रत्येक भट्टीत सगळ्यात खालचा खण शिकाऊंचा. ऑर्डर कितीही अडली तरी.

आता वेळेचं. तुमच्याकडे जुने कारागीर नगावर आहेत की पगारावर? नगावर असतील तर शिकवण्यात गेलेली प्रत्येक मिनिट त्यांच्या खिशातून जाते. असा माणूस पाठ फिरवून शिकवतो. माझ्या उस्तादांनी पहिलं वर्ष मला माती मळायलाच लावलं. तेव्हा वाटलं खडूस आहेत. पुढे कळलं, ते नगावर होते आणि घरी पाच तोंडं होती. नंतर आमच्याकडे शिकवण्याच्या तासांना कारागिराच्या सरासरी कमाईइतके पैसे मिळू लागले आणि तोच माणूस माझ्या मनगटाला धरून दाखवू लागला. तुमच्याकडे अशी काही सोय असेल तर फॉर्ममध्ये पहिली ओळ ती लिहा. नसेल तर आधी ती करा, फॉर्म थांबेल.

सोडून गेलेल्या मुलीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. इंग्लंडात सेंट आयव्ह्झला बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा या दोन कुंभारांनी 1920 मध्ये भट्टी सुरू केली. पुढे तिथे नेहमीच्या वापराच्या भांड्यांची ठरावीक यादी होती, शिकाऊ एकच वाडगा शेकड्यांनी काढत आणि त्यातच हात बसे. 1938 मध्ये विल्यम मार्शल नावाचा गावातलाच पोरगा लागला, तो कित्येक दशकं तिथेच राहिला. बाकीचे कितीतरी शिकून गेले आणि त्यांनी स्वतःच्या भट्ट्या लावल्या. राहिलेला आणि गेलेले, दोन्ही त्या भट्टीच्याच खात्यात धरतात. तुमची ती मुलगी कुठे गेली, काय काम करते, एवढं लिहा.

आणखी दोन गोष्टी, मग थांबतो. मंदीत माणसं घरी बसवता का? आम्ही तेव्हा साधे वाडगे काढून फक्त पहिली भाजणी करून ठेवायचो. बिस्क झालेला माल वर्षानुवर्षं राहतो, ऑर्डर आली की हवी ती झिलई, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा थर, चढवायची. त्या मांडणीवरच्या मालाने दोन वाईट हंगाम तारून नेले.

दुसरी गोष्ट धूळ. संध्याकाळी कोरडा झाडू मारता की ओल्या फडक्याने पुसता? मातीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की उतरत नाही. इंग्रज कुंभारांत या दुखण्याला ‘पॉटर्स रॉट’ असं नावच पडलं होतं. वाडगे वर्षानुवर्षं टिकणार आणि ते काढणारा पन्नाशीत धापा टाकणार असेल, तर त्या रकान्यात काहीही लिहिलंत तरी फुकट.

---

कोरडाठाक

काका, लिहिलंत छान, पण थोडं पाणी घालतो. जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराने 1769 मध्ये एट्रुरिया नावाचा भांड्यांचा कारखाना सुरू केला. कामगारांना घरं बांधली, आजारपणासाठी फंड काढला. त्याच आवारात वेळेवर हजर राहण्याची घंटा होती आणि नियम मोडला की दंडही. फॉर्ममध्ये घरं येतात, घंटा येत नाही. मालकाने काय केलं ते मालकानेच लिहायचं ही पद्धतच चुकीची. चौदा माणसांना विचारा आणि तेच लिहा.

---

पलीकडच्या_टेबलावरून

मी असे फॉर्म वाचायच्या कामावर होते काही वर्षं. खरेदी विभागात. ‘कटिबद्ध’ शब्द आला की डोळा आपोआप पुढच्या रकान्यावर जायचा.

मी आकडे शोधायचे, तेही मोठे नव्हेत. किती जण किती वर्षं टिकले, शिकायला किती आले, गेले ते का गेले. ‘एक कंटाळून गेला’ असं कुणी लिहिलं असतं तर बाकीच्यावर माझा लगेच विश्वास बसला असता. दारातला डागी माल लिहू नका, ती विक्री आहे. शाळेची मुलं लिहा, पण एका ओळीत.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून सुटलीये. तुमची माती कोण कालवून देतं? प्लास्टरचे साचे, भट्टीची दुरुस्ती, पॅकिंगची खोकी? जपानमध्ये पारंपरिक हस्तकलांसाठी 1974 चा कायदा आहे. त्यात एखाद्या कलेला मान्यता मिळायची तर एका परिसरात साधारण 10 व्यवसाय किंवा 30 माणसं त्या कामात असावी लागतात. एकटी कार्यशाळा कितीही गुणी असली तरी तेवढ्यावर भागत नाही. आणि तिथे मान्यताप्राप्त कारागिराच्या परीक्षेला बसायलाच 12 वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे तुमच्या तीन वर्षांत चौघांतले दोघं टिकले, हा निकाल अजून लागायचाच आहे. तसंच लिहा.

---

चाकावरची

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. फॉर्म अजून गेलेला नाही.

कोरडाठाक, तुमचं ऐकून काल जेवणाच्या सुट्टीत विचारलं. आधी सगळे गप्प. मग आमचे सगळ्यात जुने कारागीर म्हणाले, ‘पोरांना शिकवतो त्या दिवशी माझे तीस कप कमी होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?’ मला ठाऊक नव्हतं. ते नगावर आहेत आणि मी तीन वर्षं त्यांच्याकडेच पोरं पाठवत होते. काका, तुम्ही लिहिलेलं हेच. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढलीये, या आठवड्यापासून शिकवण्याचे तास वेगळे लिहायचे आणि त्याचे पैसे द्यायचे. मागचं देणं कसं फेडायचं ते अजून ठरलं नाही.

कंटाळून गेलेल्या मुलाचंही कळलं. तो आठ महिने फक्त माती मळत होता.

झाडू कोरडाच मारत होतो. बंद केलाय.

माती, साचे, खोकी आणि भट्टीची दुरुस्ती धरून बाहेरची पाच घरं आमच्यावर थोडीफार अवलंबून निघाली. मी कधी मोजलीच नव्हती. रकाना सध्या चौऱ्याण्णव शब्दांवर आहे आणि त्यात शिकवण्याच्या पैशांपुढे ‘या महिन्यापासून’ असं लिहिलंय. भाचा म्हणतो ते खोडून टाक, वाईट दिसतं. ठेवलंय.

काका, एक विचारायचं राहिलं. पुढच्या भट्टीत खालचा खण शिकाऊंसाठी मोकळा ठेवायला सांगितलाय. पण आमच्या भट्टीत खाली उष्णता कमी लागते, झिलई नीट वितळेल का?

---

भट्टीजवळचा

प्रत्येक भट्टीचा स्वभाव वेगळा. वरच्या आणि खालच्या, दोन्ही खणांत एकाच नंबरचे कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके, ठेवा. भट्टी उघडली की शिकाऊंनाच बाहेर काढू द्या आणि कुठला किती वाकला ते त्यांनाच वहीत लिहायला लावा. दोन-तीन भाजण्यांत तुम्हालाही खालचा खण कळेल. तोवर तिथे लवकर वितळणारी झिलई द्या, पण पातळ. जाड चढवली तर ओघळून फळीला चिकटेल, आणि फळी घासायचं काम शेवटी मुकादमाच्याच गळ्यात पडतं.