व्हाउच फॉर म्हणजे जामीन राहणं का?

प्रतापनगरची ताई
मामेभावाने इथे नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीत अर्ज केलाय आणि ओळखीत माझं नाव दिलंय. तिथल्या एचआरचा मेल आला : 'कॅन यू व्हाउच फॉर हिज कॅरेक्टर अँड वर्क?' पोरगा चांगला आहे. दिवाळीच्या गर्दीत माझ्या बर्डीवरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा, रुपया इकडचा तिकडे झाला नाही. पण बाबा एकदा पतसंस्थेत शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिले होते. शेजारी घर विकून गेला, नोटीस आमच्या दारात आली आणि पैसे बाबांनी भरले. आई अजून कुठल्याही कागदावर सही करताना दहादा विचारते. उद्या ह्याने घोळ घातला तर वसुली माझ्याकडून का?

रामदासपेठचा मास्तर
नाही हो ताई, निवांत राहा. व्हाउच फॉर म्हणजे स्वतःच्या माहितीवर ग्वाही देणं. माणसाची, मालाची, एखादी गोष्ट खरी असल्याची. मागे 'फॉर' हवाच. क्लासमधली पोरं 'आय व्हाउच हिम' लिहितात आणि मार्क घालवतात. खरी मजा नकारात आहे. कळमन्यातला अडत्या म्हणेल, 'आय कॅन व्हाउच फॉर द ऑरेंजेस, बट नॉट फॉर द ट्रक ड्रायव्हर.' जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढ्याचीच हमी, पुढचं तुमचं तुम्ही बघा.
मूळ लॅटिन 'व्होकारे', म्हणजे बोलावणं. इंग्लंडच्या जुन्या कोर्टात जमिनीवर कुणी दावा ठोकला की कब्जेदार, जमीन ज्याच्याकडून मिळाली त्यालाच पुकारून आणायचा : ये बावा, आता तूच सांभाळ. आपलं व्हाउचर त्याच घराण्यातलं.

इतवारीवाला
म्हणजे शब्द टाकणंच ना?

रामदासपेठचा मास्तर
नाही भाऊ, ते 'पुट इन अ गुड वर्ड'. शब्द तं आपण न पाहिलेल्या भाच्यासाठीही टाकतो.

वकीलबाई, सिव्हिल लाइन्स
कायद्याचं मी सांगते. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 126 प्रमाणे, दुसऱ्याने देणं चुकवलं तर ते मी भागवीन असा करार केला तरच तुम्ही जामीनदार. एकदा झालात की कलम 128 लागतं : करारात वेगळं ठरलं नसेल तर जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणून वसुलीवाले कर्जदाराला सोडून थेट जामीनदाराचं दार वाजवतात. भरलेले पैसे कलम 145 खाली शेजाऱ्याकडून मागता येतात, पण तो सापडायला हवा.
तुमच्या मेलमध्ये असलं काही नाही. फक्त 'आय विल बी रिस्पॉन्सिबल फॉर एनी लॉस' असलं वाक्य भावनेच्या भरात टाकू नका. वेगळा इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसान भरून देण्याचा लेखी करार, आला तर सहीआधी वकिलाला दाखवा.

प्रतापनगरची ताई
मग असं लिहू? 'आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहुड अँड कॅन व्हाउच फॉर हिज ऑनेस्टी विथ कॅश.' कॉम्प्युटरचं मला काही कळत नाही.

रामदासपेठचा मास्तर
झकास. खाली जोडा : 'आय कॅनॉट व्हाउच फॉर हिज टेक्निकल स्किल्स.' वेळेवर येतो का तो?

प्रतापनगरची ताई
सकाळचे अकरा झालेत, साहेब अजून झोपलेत. ते वाक्य काही मी लिहीत नाही.