मायनस ४६ च्या लाइनला जुना पीक्यूआर चालत नाही म्हणे, इम्पॅक्टचं नक्की काय करायचं?

क्यूसी_चाकण

नमस्कार मंडळी, चाकणला आमचं पाइपिंग फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे, आत्तापर्यंत सगळं साधं काम, ए१०६ ग्रेड बी (साधा कार्बन स्टील पाइप) आणि थोडं एसएस. आता प्रोपेनची लाइन आलीये, कोड बी३१.३ (एएसएमईचा प्रोसेस पाइपिंग कोड), डिझाइन मिनिमम टेम्परेचर मायनस ४६ डिग्री, मटेरियल ए३३३ ग्रेड ६ (थंड कामासाठीचा कार्बन स्टील पाइप). साइझ तीनच: ६ इंच शेड्यूल ८० (१०.९७ मिमी), ४ इंच शेड्यूल ८० (८.५६) आणि २ इंच शेड्यूल ८० (५.५४).

आमच्याकडे एक पीक्यूआर (वेल्डिंगची पद्धत टेस्ट करून पास झाल्याचा रेकॉर्ड) आहे, ए५१६ ग्रेड ७० च्या १२ मिमी प्लेटवर, रूट (तळाचा पहिला रन) टिग ईआर७०एस-२ वायरने, वरचं ई७०१८ रॉडने, इम्पॅक्ट (चार्पी टेस्ट, खाच मारलेला तुकडा थंड करून तोडायचा आणि किती ज्यूल लागले ते मोजायचं) मायनस २९ ला केलेत आणि आकडे चांगले आलेत. क्लायंटच्या टीपीआयने (थर्ड पार्टी इन्स्पेक्टर) एका ओळीत रिजेक्ट करून परत पाठवला, कारण विचारलं तर म्हणे कोड वाचा. आमचे साहेब म्हणतात नवीन पीक्यूआरचा खर्च कशाला, ७०१८-१ रॉड आणू, त्याच्या सर्टिफिकेटवर मायनस ४६ चे आकडे असतातच, त्यावर भागव. दुसरी अडचण म्हणजे २ इंचाच्या पाइपमधून १० मिमीचा चार्पी तुकडा निघणारच नाही, मग तो टेस्टमधून सुटतो का? आणि पीक्यूआर करायचाच तर किती आणि कुठल्या जाडीवर? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, सोमवारी क्लायंटकडे मीटिंग आहे.

जुबेलकर

टीपीआय उद्धट असेल पण त्याचं बरोबर आहे. तुमचा पीक्यूआर एका नाही, तीन ठिकाणी अडकतो.

पहिलं म्हणजे टेम्परेचर, मायनस २९ ला पास झालेली टेस्ट मायनस ४६ बद्दल काहीच सांगत नाही. कार्बन स्टीलचं असं असतं की एका टेम्परेचरपर्यंत चिवट आणि त्याच्या खाली गेलं की थोड्याच डिग्रीत आकडा धाडकन पडतो. दुसरं, ए५१६ ग्रेड ७० हा पी नंबर (वेल्डिंगसाठी कोडने पाडलेले मटेरियलचे गट) १ ग्रुप २, तुमचा ए३३३ ग्रेड ६ हा पी नंबर १ ग्रुप १. इम्पॅक्ट नसता तर पी नंबर जुळला की पुरे होतं, पण इम्पॅक्ट लागला की सेक्शन नाइनचे (एएसएमईचा वेल्डिंग क्वालिफिकेशनचा कोड) सप्लिमेंटरी इसेन्शियल व्हेरिएबल, म्हणजे इम्पॅक्टमुळे लागणाऱ्या जादा अटी, जागे होतात आणि ग्रुप नंबरसुद्धा जुळावा लागतो. प्लेटच वापरायची होती तर ए५१६ ग्रेड ६० चालली असती, ती ग्रुप १ मध्ये येते. आपल्याकडे निम्म्या शॉपमध्ये स्क्रॅपला ग्रेड ७० च पडलेली असते म्हणून कूपन (टेस्टसाठी वेल्ड करायचा तुकडा) त्यातूनच कापतात, आणि इम्पॅक्टच्या जॉबला हमखास इथेच घोडं अडतं. तिसरं जाडी, त्यावर खाली येतो.

रॉडच्या सर्टिफिकेटचं साहेब म्हणतात ती सूट कोडमध्ये आहे, पण ती कर्व्ह सी आणि डी वाल्या मटेरियलला. म्हणजे मटेरियल टेबलमध्ये मिनिमम टेम्परेचरच्या रकान्यात ज्यांच्यासमोर अक्षर आहे ते. ए३३३ ग्रेड ६ समोर अक्षर नाही, सरळ मायनस ४६ चा आकडा आहे. आणि समजा सूट मिळाली तरी रूटचं काय? ७०१८-१ चं क्लासिफिकेशन मायनस ४६ ला २७ ज्यूलचं आहे हे खरं, पण ईआर७०एस-२ चं मायनस २९ लाच आहे. म्हणजे तिथेही रूट उघडं पडतं. ईआर८०एस-एनआय१ घ्या रूटला, ते मायनस ४६ चं आहे, वायर थोडी महाग पडते पण अशा कामात किती किलो लागणार. स्पेकमध्ये कोडची कुठली एडिशन लिहिलीय तेवढं बघून घ्या, टेबलांचे नंबर बदललेत.

आता जाडी. बी३१.३ म्हणतो टी जाडीच्या कूपनवर टी/२ ते टी + ६ मिमी चालेल. सेक्शन नाइन म्हणतो इम्पॅक्ट असेल तर खालची मर्यादा म्हणजे कूपनचीच जाडी किंवा १६ मिमी, यातलं जे कमी ते. फक्त कूपन ६ मिमीच्या आत असेल तर खाली अर्ध्यापर्यंत जाता येतं. दोन्ही पाळायचे, म्हणजे दोन्हीत बसणारा भागच तुमचा. १२ मिमीच्या कूपनवर बी३१.३ ने ६ ते १८ मिळतात, पण सेक्शन नाइन १२ च्या खाली उतरू देत नाही. तुमची तिन्ही साइझ १२ च्या खाली. संपला विषय.

सिंगल_व्ही

जुबेलकर, एक शंका. बी३१.३ ने स्वतःची रेंज दिलीये ना, मग सेक्शन नाइनची वरून कशाला लावायची? आम्ही दोन जॉबला फक्त टी/२ दाखवलं, कोणी हरकत घेतली नाही.

आणि दोन्ही लावायच्या असतील तर मग सोपं आहे की, ५.८ मिमीच्या आसपास कूपन करा. सहाच्या आत आहे म्हणून खाली २.९, वर २टी म्हणजे ११.६, बी३१.३ चं २.९ ते ११.८. तिन्ही साइझ एकाच पीक्यूआरमध्ये! पैसे वाचले.

जुबेलकर

हरकत घेतली नाही म्हणजे नियम नाही असं होत नाही राव. बी३१.३ स्वतःच प्रोसिजर क्वालिफिकेशनसाठी सेक्शन नाइनकडे पाठवतो, आणि सेक्शन नाइन म्हणतो की दुसऱ्या कोडने इम्पॅक्ट मागितला की सप्लिमेंटरी व्हेरिएबल लागू. एकाने दुसऱ्याला रद्द केलेलं नाही. इकडे गल्फमध्ये तर रिव्ह्यूला पहिली नजर तिथेच जाते.

बाकी ५.८ ची आयडिया कागदावर एकदम फिट आहे, नाकारत नाही.

फोरमन_तळोजा

कागदावर फिट, फ्लोअरवर फसणार. माझं ऐका. साडेपाच सहा मिमीच्या कूपनवर वेल्डर काय वापरणार? अडीचचा रॉड, ८० अँपिअर, २२ व्होल्ट, चाल समजा ७५ मिमी मिनिटाला. हीट इनपुट (दर मिमी वेल्डला दिलेली उष्णता) काढा, २२ गुणिले ८० गुणिले ६० भागिले ७५, झाले १४०८ ज्यूल प्रति मिमी, म्हणजे १.४ किलोज्यूल. इम्पॅक्टवाल्या पीक्यूआरमध्ये हीच तुमची कमाल मर्यादा होते, याच्या वर प्रॉडक्शनमध्ये जाता येत नाही. आता तोच वेल्डर ६ इंचाचं फिलिंग करायला बसला की ३.१५ चा रॉड उचलणार, ११५ अँपिअर, २४ व्होल्ट, तीच चाल धरली तरी २.२ किलोज्यूल. झाला डब्ल्यूपीएसच्या (पीक्यूआरवरून लिहिलेल्या वेल्डिंग प्रोसिजरच्या) बाहेर. आणि वर विव्हिंग करत (रॉड आडवा हलवत) हळू चालला तर विचारूच नका. मग अख्खं ६ इंच अडीचच्या रॉडने भरत बसा, रन वाढतात, दिवस वाढतात, पीक्यूआरचे वाचलेले पैसे वेल्डरच्या ओव्हरटाइममध्ये जातात.

दोन करा, पण ६ इंचावर करू नका, ४ इंच शेड्यूल ८० वर करा. कूपन ८.५६ असेल तर सेक्शन नाइनने खाली ८.५६, बी३१.३ ने वर १४.५६, ४ इंच पण आलं ६ इंच पण आलं, आणि ३.१५ चा रॉड आरामात चालवता येतो. २ इंचासाठी वेगळं पातळ कूपन, ते तसंही सगळे फुल टिग करतात. कूपन घेताना मायक्रोमीटर लावा, नॉमिनलवर जाऊ नका. पाइप ८.९ चा निघाला तर कडक वाचणारा टीपीआय म्हणेल तुमची रेंज ८.९ पासून, आणि ४ इंच बाहेर. किंचित कमी भरणारा तुकडा शोधून घ्या.

कूपन ६जी किंवा ५जी मध्ये (पाइप तिरका किंवा आडवा धरून, न फिरवता) अपहिल म्हणजे खालून वर मारा, म्हणजे पोझिशनचा प्रश्न मिटतो. फ्लॅटला मारलेलं इम्पॅक्टवालं कूपन अपहिलला चालत नाही. इंटरपास (दोन रनमधलं टेम्परेचर) पण लिहून ठेवा, पीक्यूआरमध्ये नोंदलेल्यापेक्षा ५५ डिग्रीच्या वर जाता येत नाही, आणि पातळ पाइप किती पटकन तापतो ते माहितीच आहे.

हीट इनपुट सांभाळायला प्रत्येक जॉइंटवर क्लॅम्प मीटर घेऊन बसायची गरज नाही. एका रॉडमध्ये किती लांबीचा रन निघतो ते कूपनवर मोजून ठेवा, सेक्शन नाइन ही पद्धत मान्य करतो. प्रॉडक्शनमध्ये तेवढा किंवा जास्त लांब रन निघाला पाहिजे. वेल्डरला किलोज्यूल समजत नाही, पाइपवर खडूने खूण केलेली समजते.

लॅबवाला_भोसरी

२ इंच सुटत नाही. सबसाइझ (१० मिमीपेक्षा कमी रुंदीचा) तुकडा काढायचा. पूर्ण सूट कधी, तर २.५ मिमी रुंदीचासुद्धा तुकडा निघत नसेल तेव्हाच, आणि तेव्हाही किमान टेम्परेचरची अट राहतेच.

२ इंचाचाच पाइप कूपनला घेऊ नका, टेन्साइल, बेंड, इम्पॅक्ट सगळं काढायला चार पाच जॉइंट मारावे लागतील. ३ इंच शेड्यूल ४० घ्या, ५.४९ मिमी आहे, रेंज २.७५ ते साधारण ११. गोलाईमुळे पाव मिमी जातो, वर हाय-लो (दोन पाइपच्या कडा वरखाली) असेल तर अजून. कागदावर ५ मिमीचा तुकडा निघतो, पण प्रत्यक्षात बऱ्याचदा ४ वर येतो. हा फरक महत्त्वाचा आहे. जाडी १० च्या आत असेल आणि तुकडा जाडीच्या ८० टक्के असेल तर टेस्ट मायनस ४६ लाच. ५.४९ चे ८० टक्के म्हणजे ४.४, ५ चा तुकडा बसतो. ४ चा बसत नाही, मग टेम्परेचर अजून खाली न्यायचं. बी३१.३ च्या टेबलमध्ये ४ मिमीला १६.७ डिग्री खाली, ५.४९ ला इंटरपोलेट करून ९.७, फरक ७, म्हणजे टेस्ट मायनस ५३ ला. म्हणून फिटअप नीट करा, हाय-लो कमी म्हणजे तुकडा जाड. ८.५६ वाल्यातून ७.५ चा तुकडा आरामात निघतो, ते ८० टक्क्यांच्या वर आहे, मायनस ४६ च.

आकडे: फुल साइझला सरासरी १८ ज्यूल, एकटा तुकडा किमान १४. सबसाइझला रुंदीच्या प्रमाणात, म्हणजे ७.५ ला १३.५ आणि १०.५, ५ ला ९ आणि ७. वेल्ड मेटलचे तीन, हॅझचे (वेल्डशेजारचा उष्णतेने बदललेला पट्टा) तीन. लेटरमध्ये टेस्ट टेम्परेचर, तुकड्याची साइझ आणि नॉचची (खाचेची) जागा स्पष्ट लिहा हो, लोक नुसतं ‘इम्पॅक्ट टेस्ट करणे’ लिहून कूपन पाठवतात आणि मग रिपोर्ट आला की भांडतात.

क्यूसी_चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार, मीटिंग निभावली. दोन कूपन, रूटला एनआय१, वर ७०१८-१, क्लायंटने तत्त्वतः मान्य केलं. एक विचारायचं राहिलं, घरात ए१०६ चा ४ इंच शेड्यूल ८० पडलेला आहे, तोही ग्रुप १ च आहे, कूपन त्यावर मारू का? साहेबांचा आग्रह आहे.

जुबेलकर

पुस्तकाप्रमाणे मारू शकता. पण हॅझ कुणाचा टेस्ट होणार, ए१०६ चाच ना? त्या पाइपला मिलमध्ये कुणी मायनस ४५ ला तपासलेलं नाही, ए३३३ ग्रेड ६ ला तपासलेलं असतं. फेल झालं तर कूपन, लॅब, वेळ सगळं परत. दोन फूट पाइप वाचवायला एवढा जुगार कशाला.

साहेबांना एवढी काळजी कशाला असं वाटत असेल तर लाँगफर्डचं सांगा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातला गॅस प्लांट, २५ सप्टेंबर १९९८. गरम ऑइलचा फ्लो बंद पडला, नेहमी १०० डिग्रीच्या आसपास चालणारा एक एक्स्चेंजर मायनस ४८ पर्यंत गेला, आणि तशा थंडगार शेलमध्ये परत गरम ऑइल सोडल्यावर तो फाटला. दोघं गेले, आठ जण जखमी, मेलबर्नला दोन आठवडे गॅस नव्हता.

क्यूसी_चाकण

अपडेट. कूपन ए३३३ वरच मारले. पातळ कूपन पास, ५ चा तुकडा निघाला. ४ इंचवाल्याचं वेल्ड मेटल मस्त आलं, पण ७.५ च्या तुकड्यांवर हॅझचे आकडे ४१, २९ आणि ९. आता हे फेल का?

लॅबवाला_भोसरी

अजून फेल नाही. सरासरी २६ च्या वर आहे, फक्त एक तुकडा १०.५ च्या खाली आहे. अशा वेळी कोड रीटेस्ट देतो, अजून तीन तुकडे, पण या वेळी तिन्हीपैकी प्रत्येक तुकडा १३.५ च्या वर हवा, सरासरी चालत नाही.

४१ आणि ९ एकाच कूपनमध्ये आले तर मी आधी नॉच बघतो. व्ही ग्रूव्हमध्ये हॅझ तिरका असतो आणि नॉच सरळ, त्यामुळे एकाच नॉचमध्ये वेल्ड, हॅझ आणि पाइप तिन्ही येतात, कुठल्या तुकड्यात काय किती आलं यावर आकडा हलतो. नायटलने (सौम्य ॲसिडने) एच करून, म्हणजे वेल्ड आणि हॅझच्या सीमा दिसू देऊन, नॉच कुठे मारला त्याचा फोटो लॅबकडून मागून घ्या. उरलेल्या कूपनमध्ये तीन तुकड्यांची जागा असेल तर मशीनिंगच्या आधी स्वतः जाऊन मार्किंग बघा.

फोरमन_तळोजा

आणि त्या ९ च्या बाजूला कॅपचा (सगळ्यात वरच्या थराचा) कुठला रन होता, कुणी मारला, रन शीटवर बघा. हॅझ पडला की मला आधी कॅपच्या रुंद विव्हिंगचाच संशय येतो. रीटेस्टही गेली आणि नवीन कूपन मारायची वेळ आली तर एका बाजूला बेव्हल (कडेला उतार) आणि दुसरी बाजू जवळजवळ सरळ ठेवा. ग्रूव्हचा आकार तिथे नॉन-इसेन्शियल आहे, त्यामुळे चालतं, आणि सरळ बाजूला नॉच अख्खा हॅझमध्ये बसवता येतो. फक्त सरळ बाजूला साइडवॉल फ्यूजन (कड नीट वितळून जुळणं) सांभाळा, चांगल्या वेल्डरलाच बसवा.

क्यूसी_चाकण

रन शीट काढली, कॅप दोन रनऐवजी एकाच रुंद रनमध्ये मारलीये. लॅबला फोटो मागितलाय, तुकड्यांना जागा आहे. गुरुवारी मार्किंगला जातोय.