मदत हवी आहे: चिनी धूपदाणीचा एक कान चिंचेने घासला गेलाय, रंग परत येईल का?

कामानिमित्त तीन वर्षं हाँगकाँगला होतो. परत येताना तिथल्या 'अप्पर लॅस्कर रो' या गल्लीतल्या एका जुन्या दुकानातून धूपदाणी घेतली. बसक्या वाडग्यासारखी, तीन बुटके पाय, काठावर दोन उभे कान (चिनी भाषेतही त्यांना कानच म्हणतात). वजन साधारण सव्वा किलो. बुडाला सहा अक्षरांचा शिक्का आहे: 'थोर मिंग, शुआनदे काळात घडवलेली'. मिंग घराण्यातला शुआनदे काळ म्हणजे १४२६ ते १४३५. पण हा शिक्का पुढे, मिंगनंतरच्या छिंग घराण्याच्या काळात आणि त्यानंतरही सर्रास वापरला गेला, त्यामुळे ती मिंग काळातली आहे असं समजून मी घेतलेली नाही. घेतली ती रंगासाठी. कडक काळ्या चहासारखा तपकिरी, कडेला किंचित लालसर. चीनच्या प्राचीन शांग काळातली कांस्य भांडी हजारो वर्षं जमिनीत राहून हिरवी झालेली असतात. या धूपदाण्या मात्र घरात, देवळात वापरात राहिल्या, आणि जाणकार त्यांचा पृष्ठभागच आधी पाहतात.

गेल्या आठवड्यात मी घरी नसताना आईने देवाची भांडी घासायला काढली, त्यात हीसुद्धा गेली. चिंच आणि मीठ. एक कान आणि त्याखालचा चार बोटं भाग पितळेसारखा पिवळाधमक झालाय. मी वेळेवर आलो म्हणून बाकीचं वाचलं. आईला फार वाईट वाटतंय, तिला मी काहीच बोललो नाही.

लगेच साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून ठेवली आहे. तरी मिठाची धास्ती वाटते. क्लोराइड धातूत राहिलं तर दमट हवेत फिकट हिरवी भुकटी धरते, आणि ठाण्यात पावसाळा तोंडावर आहे.

ज्यांनी अशा वस्तू सांभाळल्या आहेत त्यांनी कृपया सांगा: मीठ पूर्ण निघण्यासाठी डिस्टिल्ड पाण्यात भिजवावी का, की त्याने उरलेला रंगही जाईल? तो कान तसाच सोडला तर काळा पडत जाऊन बाकीच्याशी जुळेल का? एकाने रसायन लावून रंग चढवायला सुचवलं, ते मला पटत नाही. मेण लावावं का, आणि ते आत्ता की भुकटी येत नाही याची खात्री झाल्यावर?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या चिनी वस्तू आहेत, तिथे संवर्धन केंद्रही आहे. खासगी वस्तू तिथे दाखवल्याचा कोणाला अनुभव आहे का? तोवर तिला हात लावत नाही. धूपही बंद ठेवलाय.