मदत हवी आहे: कॉक बंद, तरी रिटर्नमधून पेट्रोल!

तिरकी_झेप: मंडळी, तातडीने मदत हवी आहे. विमानाच्या रबरी नळ्यांची पाच वर्षं भरली म्हणून बदलतोय. इंधनाचा कॉक बंद केला, पंपाकडची नळी सोडली, चार थेंब पडले आणि थांबलं. फायरवॉलपाशी (इंजिनमागच्या आगरोधक भिंतीपाशी) रिटर्नची, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी सोडली तर धारच लागली! कॉक गेला का? नवा कुठला घ्यावा? शनिवारी उडायचंय.

जुनापाना: इंजिन कुठलं? पंख वर की खाली? टाक्या किती? रिटर्न टाकीत कुठे शिरते? एवढं तरी सांगा, आम्ही काय कुंडली मांडायची?

तिरकी_झेप: रोटॅक्स ९१२, कार्बुरेटरवालं. बाकी नेहमीसारखंच. कॉकचं सांगा ना.

इथेनॉलशत्रू: गाडीचं पेट्रोल घालता ना? सगळं दुखणं तिथेच आहे. साध्या रबराला इथेनॉल सोसत नाही.

जुनापाना: त्यांनी ते विचारलेलं नाही.
झेप, कॉक बहुतेक ठणठणीत आहे. तो फक्त टाकीकडून पंपाकडे जाणारी वाट अडवतो. रिटर्नची वाट वेगळी. ती टाकीच्या तळाशी शिरत असेल आणि टाकी पंखात वर असेल, तर पेट्रोल उलटं खाली येणारच. हँगरमध्ये बादली धरता येते. हवेत इंजिनच्या बाजूला आग लागून ती नळी जळाली, तर कॉक बंद करूनही आगीला पेट्रोल मिळत राहील.

ढगवेडा: सोप्पंय. रिटर्नमध्ये चेक व्हॉल्व्ह टाका, एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. माझ्याकडे आहे, मस्त चालतो.

जुनापाना: आणि अडकला म्हणजे? उन्हात तापलेलं इंजिन बंद करून उभं राहिलं की काउलिंगखाली, म्हणजे इंजिनच्या झाकणाखाली, पेट्रोलची वाफ होते. ती परत जायलाच तर रिटर्न. तीच तुंबली की व्हेपर लॉक, म्हणजे वाफ अडून पेट्रोलच पोचत नाही, तोही टेकऑफला.

ढगवेडा: तुम्हाला प्रत्येकात खोट दिसते काका. मग हाताचा कॉक बसवा!

पंखाखालचा: वेगळा कॉक तर नकोच, चुकून बंद राहिला तर कळणारही नाही. डुप्लेक्स सिलेक्टर घ्या, एकाच दांडीने जाणारी आणि येणारी दोन्ही वाटा फिरतात. ज्या टाकीतून घेतलं तिथेच परत. नाहीतर भरलेल्या टाकीत रिटर्न जाऊन पेट्रोल व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या नळीतून) बाहेर. फ्युएल इंजेक्शनवाल्या ९१२ आयएसला तर हवाच, तिथे दाब ३ बारच्या आसपास आणि परत जाणारं पेट्रोलही भरपूर.

तिरकी_झेप: पंख वर. टाक्या दोन. रिटर्न डाव्या टाकीच्या तळाशी. सध्या बूच ठोकलंय. म्हणजे कॉक नको?

जुनापाना: नको. विमानाच्या निर्मात्याला विचारा, रिटर्न टाकीच्या वरच्या अंगाने घेता येईल का. मग पेट्रोल त्या तोंडाखाली गेलं की उलटी धार हवा ओढून तुटते. त्यांच्या मंजुरीशिवाय काही जोडू नका. तोवर डावी टाकी आधी वापरा, परत येणाऱ्या पेट्रोलला जागा राहील. आणि जुन्या नळीतला जेट नव्या नळीत घातलात ना?

तिरकी_झेप: कसला जेट?

जुनापाना: अहो, रिटर्नच्या वाटेत ०.३५ मिमी भोकाचा जेट असतो! कुठे जोडणीत असतो, कुठे नळीतच. तो नसला तर पेट्रोल कार्बुरेटरला सोडून टाकीकडे पळतं. दाब ०.१५ बारच्या खाली गेला तर फुल थ्रॉटलला इंजिन उपाशी. जुन्या नळ्या फेकल्या तर नाहीत?

तिरकी_झेप: इथेच पडल्यात. चाचपली, इंजिनकडच्या टोकाला आत काहीतरी टणक लागतंय. कापतो.

इथेनॉलशत्रू: कापताच आहात तर आतलं रबर सुटतंय का तेही बघा. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.