महागाई, भाववाढ, चलनवाढ : कोणता शब्द कुठे?

दारव्ह्याची ताई : नमस्कार. बचत गटातल्या बायांसाठी पैशाच्या व्यवहारांवर एक पुस्तिका लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले. पेपरात एकाच बातमीत कधी 'महागाई', कधी 'भाववाढ', कधी 'चलनवाढ'. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'चलनफुगवटा'ही सापडला. यांत फरक आहे का? दुसरं म्हणजे, ऑक्टोबर 2025 चा महागाईचा दर 0.25 टक्के होता, हे मी बैठकीत वाचून दाखवलं तर बाया हसायला लागल्या. त्यांना काय सांगू?

वर्धेकर : ताई, 'महाग' हा संस्कृत 'महार्घ'वरून आला. अर्घ म्हणजे किंमत. त्यामुळे महागाई ही घेणाऱ्याला जाणवणारी स्थिती झाली. भाववाढ त्याहून साधी. एकट्या कांद्याचीही भाववाढ होते, पण एकट्या कांद्याला कोणी महागाई म्हणत नाही.

खरा घोळ 'चलनवाढ'चा. नोटा जास्त आणि माल कमी झाला की भाव चढतात, हा विचार त्या शब्दातच बसलाय, म्हणजे परिणामाला कारणाचं नाव दिलंय. ते कारण खोटं नाही, पण एकमेव नाही. 2022 आठवा. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं, तिकडून येणारं सूर्यफूल तेल अडकलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्या एप्रिलमध्ये किरकोळ महागाईचा दर 7.79 टक्क्यांवर गेला. तेव्हा दारव्ह्यात कोणाच्या खिशात जास्तीच्या नोटा खुळखुळत होत्या? तरी छापील मराठीत 'चलनवाढ' रुळलाय, आता निघायचा नाही. पुस्तिकेत एकदा ओळख करून द्या आणि पुढे सरळ 'महागाई' लिहा. 'चलनफुगवटा' म्हणजेही तेच, तो परीक्षेपुरता राहू द्या.

सोयाबीनवाला : हे सारं घेणाऱ्याच्या बाजूनं झालं बाप्पा. इकनाऱ्याचं काय? बाजार समितीत तुरीचा भाव चढला तं कोनी 'तुरीची महागाई' म्हणते का? तेजी म्हणते. तेच तूर दाल होऊन किराण्यात आली का महाग होते. एकच दाना, दोन नावं.

अन् ताई, बाया हासल्या तं मी काहून रडलो ते आयका. 2025 च्या सुरुवातीले आमी तूर इकली तवा हमीभाव होता 7550 रुपये क्विंटल, अन् बाजारात तेवढाबी भेटला नाही. पीक चांगलं होतं हे खरं, पण बाहेरची तूरबी मे 2021 पासून मोकळी येऊन राह्यली. दाल उतरली, महागाई उतरली, पेपरवाले खूश. आमच्या घरी त्यालेच मंदी म्हणते.

गुरुजी (निवृत्त, अर्थशास्त्र) : भाऊंचा मुद्दा रास्त आहे. ज्या दराची बातमी होते तो ग्राहक किंमत निर्देशांकावरून, म्हणजे घरात लागणाऱ्या वस्तूंच्या एका ठरावीक टोपलीच्या किमतीवरून काढतात. नावातच ग्राहक आहे, त्यामुळे शेतकरी त्यात येतो तो फक्त किराणा घेणारा म्हणून. 50 किलोची डीएपी खताची थैली 1350 रुपयांना पडते, निंदणाची मजुरी वाढते, कापसाची वेचाई वाढते. यातलं काहीच त्या टोपलीत नाही. तो उत्पादनाचा खर्च धरला जातो.

आता 0.25 चं. 2012 हे पायाभूत वर्ष, म्हणजे तुलनेचा आधार, असलेल्या निर्देशांकाच्या मालिकेसाठी 1181 गावं आणि शहरांतले 1114 बाजार इथून किमती गोळा व्हायच्या. प्रत्येक वस्तूला घरखर्चातल्या वाट्याप्रमाणे भार दिलेला असतो. या महिन्याच्या निर्देशांकाची तुलना गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करायची, की टक्का निघतो. ऑक्टोबर 2024 चा दर होता 6.21. म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये टोपली 100 रुपयांची धरली, तर वर्षाने ती 106 रुपये 21 पैशांची झाली आणि आणखी वर्षाने 106 रुपये 48 पैशांची. वाढ थांबल्यासारखी दिसते, पण आधी चढलेले सहा रुपये कुठे उतरले? बायांचं हसणं बरोबरच होतं. शिवाय ही सरासरी. त्या वर्षी भाज्या आणि डाळी खरोखर उतरल्या होत्या, खाद्यतेल मात्र चढं होतं. फोडणी रोज लागते, त्यामुळे तेच डोक्यात राहतं.

म्हणून ताई, 'महागाई कमी झाली' असं लिहूच नका. 'भाव वाढण्याचा वेग कमी झाला' असं लिहा. वाक्य लांब होईल, होऊ द्या. पेपरवाल्यांनीही लिहायला हरकत नाही, पण मथळ्यात बसत नाही ना!

दारव्ह्याची ताई : गुरुजी, हे आकडे जसेच्या तसे घेते. गावाची आणि शहराची टोपली एकच असते का?

गुरुजी : नाही. त्याच मालिकेत खाण्यापिण्याचा भार ग्रामीण भागासाठी 54.18 होता, शहरासाठी 36.29. डाळ-तेल चढलं की खेड्याचा आकडा जास्त हलतो. आणि रोजगार हमीची मजुरी वाढवताना वेगळाच निर्देशांक पाहत आले, शेतमजुरांचा. गटात मजुरीला जाणाऱ्या बाया असतील तर तोही सांगा.

वर्धेकर : अजून एक शब्द राहिला. बातम्यांत 'गाभा महागाई' येते. खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून काढलेला दर.

सोयाबीनवाला : थांबा भाऊ. जेवन बाजूले ठिवलं, गॅस बाजूले ठिवला, अन् उरलं त्याले गाभा म्हणते?

गुरुजी : हसू नका, कारण आहे त्याला. पाण्यापावसाने भाज्यांचे भाव वरखाली होतात, तो धक्का बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. रिझर्व्ह बँकेला 4 टक्के हे लक्ष्य दिलंय, वरखाली 2 टक्क्यांची मुभा धरून, आणि ते एकूण महागाईचं आहे. तिच्या हातात मुख्यतः व्याजदर. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये तिने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, 4 वरून 6.5 टक्के केला. कर्ज महागलं की घर, गाडी, फ्रिजची मागणी थंडावते. पण जुलै 2023 मध्ये टमाटर भडकले तेव्हा व्याजदराने काय होणार होतं?

सोयाबीनवाला : बरोबर हाय. रेपोच्या पान्यावर भेदरं (टमाटर) थोडीच येते. पण नाव बदला गुरुजी, 'गाभा' नोका म्हनू.

दारव्ह्याची ताई : 'खाणं-इंधन सोडून महागाई' लिहिलं तर?

गुरुजी : चालेल. बोजड आहे, पण कोणी फसणार नाही.