मदत हवी आहे: फ्रेमवर्क १३ मध्ये (सुटे भाग बदलता येणारा लॅपटॉप) रायझनचा (एएमडीचा प्रोसेसर) मेनबोर्ड टाकताना काय काय बदलावं लागेल?

सुटासुटा:
मुक्काम म्युनिक. लॅपटॉप २०२१ चा फ्रेमवर्क १३: इंटेलचा आय५-११३५जी७ प्रोसेसर, डीडीआर४ रॅम ८+८ जीबी, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५ वॉट-अवर बॅटरी. बाकी सगळं ठणठणीत आहे, वेग तेवढा कमी पडतोय. रायझन ५ ७६४०यू चा मेनबोर्ड घ्यायचं चाललंय. जुन्यातलं काय चालेल? विंडोज पुन्हा टाकावं लागेल का? जाणकारांनी सांगावं.

पेचकस:
रॅम चालणार नाही. डीडीआर४ ची खाचच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती बसतच नाही. डीडीआर५-५६०० एसओ-डिम (लॅपटॉपची रॅमची काडी) घ्या, आणि एक मोठी काडी घेण्यापेक्षा दोन सारख्या. या चिपचं ग्राफिक्स रॅमच वापरतं, एकाच काडीवर ते अर्धपोटी राहतं. २०२५ च्या अखेरीपासून डीडीआर५ चे भाव कडाडलेत, तेव्हा आधी रॅमचा भाव बघा आणि मगच बोर्डाची ऑर्डर द्या.
एसएसडी, ५५ ची बॅटरी, ६० वॉटचा चार्जर, पडदा, कीबोर्ड सगळं चालतं. ६१ ची बॅटरी घेतलीत तर जास्त टिकेल, पण सक्ती नाही. हीटसिंक-पंखा नव्या बोर्डाबरोबरच येतो.

दोन_अँटेना:
वायफाय कार्ड एएक्स२१० असेल तर चालेल. बीई२०० मात्र घेऊ नका, एएमडीवर ते रडतं.

सुटासुटा:
एएक्स२१० च आहे. आणि उघडण्याचा क्रम?

पेचकस:
काहीही उघडण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) स्थगित करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवा. बोर्डाबरोबर टीपीएमही (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) बदलतो, म्हणजे विंडोज ती की मागणारच. पुन्हा टाकायची गरज सहसा पडत नाही, पण लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असू द्या.
मग चार्जर आणि चारही एक्स्पान्शन कार्डं (पोर्टांचे सुटे तुकडे) काढा. कार्डं आत राहिली तर बोर्ड उचलतच नाही, आणि इथेच लोक जोर लावतात. खालचे पाच टी५ (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू फक्त सैल करा, ते बाहेर येत नाहीत. कीबोर्डचा भाग हळूच उचला, टचपॅडची केबल त्याला जोडलेली असते. ती सुटली की सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर, बाकीच्या केबली नंतर. अँटेनाची टोपणं सरळ वर उचला, तिरकी ओढली की तुटतात.
पहिल्यांदा चालू करताना चार्जर लावा. रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतो ते) होईपर्यंत काही मिनिटं पडदा काळाच राहतो. बोर्ड मेला समजून मध्येच बटण दाबून धरू नका.

दोन_अँटेना:
पोर्टांचं राहिलं. नव्या बोर्डाचे मागचे दोन यूएसबी४ आहेत. पुढच्या डाव्या खाचेत एचडीएमआय कार्ड लावलंत तर चित्र येणार नाही, ते मागे लावा. यूएसबी-ए कार्डं पुढे ठेवा, मागे लावली की जास्त वीज खातात.

सुटासुटा:
जुन्या बोर्डाचा घरगुती सर्व्हर होईल?

पेचकस:
होतो की, यूएसबी-सी वर बॅटरीशिवाय चालतो. काढण्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'स्टँडअलोन ऑपरेशन' चालू करून ठेवा. डीडीआर४ त्यातच राहू दे. नाणं-सेल बदलायची वेळ आली तर एमएल१२२० च टाका, तो चार्ज होणारा आहे. सीआर१२२० दिसायला तसाच असतो, पण चार्जिंगसाठी बनलेला नसतो, तो बसवू नका.